आम्लात लोखंड कसे वाचवावे : सेंद्रिय गंजरोधक निवडण्याची आणि पारखण्याची रीत

गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत लोखंडाला गंज चढायला वेळ लागत नाही. मांडवी आणि जुवारी या नद्यांतून चालणारी बार्जेस, वास्को परिसरातील जहाजदुरुस्तीची कामे, हॉटेलांचे आणि कारखान्यांचे बॉयलर, ग्रिल आणि गेट बनवणाऱ्या लहान कार्यशाळा, या सगळ्यांना कधी ना कधी गंज किंवा क्षारांचा थर काढण्यासाठी आम्लाची मदत घ्यावी लागते. हायड्रोक्लोरिक आम्ल गंज विरघळवते, तसा त्याखालचा धातूही विरघळवते. आणि गंजाचा थर सगळीकडे सारखा जाड नसल्यामुळे जिथे तो आधी संपतो तिथे धातूची झीज आधी सुरू होते. या झिजेला आवर घालण्यासाठी आम्लात अल्प प्रमाणात जे सेंद्रिय संयुग मिसळतात, त्याला गंजरोधक म्हणतात. गंज निघू द्यायचा आणि धातू मात्र वाचवायचा, हे दुहेरी काम त्याने करणे अपेक्षित असते.

हा लेख रसायनशास्त्राच्या पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत या विषयावर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, तसेच आम्लाची टाकी प्रत्यक्ष सांभाळणाऱ्यांसाठी लिहिला आहे. अशा प्रकल्पांच्या अहवालांत बहुतेक वेळा एकच आकडा ठळकपणे मांडलेला असतो : ‘कार्यक्षमता ९२ टक्के’, म्हणजे रोधकामुळे झीज ९२ टक्क्यांनी कमी झाली. कोणत्या आम्लात, किती संहतीला, किती अंश तापमानाला, किती तास आणि कोणत्या धातूवर, हे सोबत नसेल तर त्या आकड्याचा काहीही उपयोग नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणून पुढे दिलेल्या रीतीत संयुगाच्या शोधापेक्षा मोजमापाच्या शिस्तीवर अधिक भर दिला आहे.

रोधक काय करतो

आम्लात बुडालेल्या लोखंडाच्या पृष्ठभागावर दोन अभिक्रिया एकाच वेळी चालू असतात. एका जागी लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयन स्वरूपात द्रावणात जातो, तर दुसऱ्या जागी आम्लातील हायड्रोजन आयन तेच इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रोजन वायूच्या बुडबुड्यांत बदलतात. या दोन्ही अभिक्रिया एकमेकींवर अवलंबून आहेत. त्यामुळे कोणतीही एक मंदावली तरी झीज कमी होते. सेंद्रिय संयुगाचे रेणू पृष्ठभागावर चिकटून बसतात आणि या अभिक्रियांना लागणाऱ्या जागा अडवतात. या चिकटण्याला अधिशोषण म्हणतात, आणि रोधकाचे सारे यश त्यावरच अवलंबून असते.

चिकटण्यासाठी रेणूमध्ये काही गुण लागतात. नायट्रोजन, गंधक किंवा ऑक्सिजनच्या अणूवरील एकाकी इलेक्ट्रॉन जोडी लोखंडाच्या रिकाम्या कक्षिकांना इलेक्ट्रॉन देऊ शकते, आणि बेंझीनसारख्या वलयांतील पाय-इलेक्ट्रॉनही हेच काम करतात. इतर गोष्टी समान असतील तर साधारणपणे ऑक्सिजनपेक्षा नायट्रोजन आणि नायट्रोजनपेक्षा गंधक असलेली संयुगे अधिक प्रभावी ठरतात. सपाट वलये असलेला रेणू पृष्ठभागावर आडवा बसून जास्त जागा झाकतो. लांब कार्बनसाखळीमुळेही झाकण वाढते, पण साखळी फार लांब झाली तर संयुग आम्लात विरघळतच नाही.

एक मुद्दा येथे नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढचे बरेच निकाल त्यावरून उलगडतात. आम्लात अमाइन गटाला प्रोटॉन जोडला जातो आणि रेणूवर धन भार येतो. हायड्रोक्लोरिक आम्लात लोखंडाच्या पृष्ठभागावरही सहसा धन भार असतो, मग दोघे एकमेकांकडे ओढले कसे जातात? आधी क्लोराइड आयन पृष्ठभागावर बसतात, तेथे ऋण भाराचा थर तयार होतो आणि त्या थरावर धनभारित रेणू येऊन टेकतात. सल्फेट आयन लोखंडावर इतके घट्ट बसत नसल्यामुळे तेच संयुग सल्फ्युरिक आम्लात पुष्कळदा कमी प्रभावी ठरते. आयोडाइड आयन क्लोराइडपेक्षाही घट्ट चिकटतो. म्हणून थोडे पोटॅशियम आयोडाइड मिसळले की अमाइनवर्गीय रोधकाची ताकद लक्षणीय वाढलेली दिसते. सल्फ्युरिक आम्लावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने ही जोडी अवश्य तपासून पाहावी.

संयुगाची निवड

प्रकल्पासाठी नवे संयुग किंवा वनस्पतीचा अर्क घ्यायचा असला तरी तुलनेसाठी एक परिचित संयुग सोबत ठेवावे. हेक्सामिन त्यासाठी सोयीचे आहे : ते सहज मिळते, पाण्यात विरघळते आणि त्याचे मोलवस्तुमान १४०.१९ ग्रॅम निश्चित असल्यामुळे संहतीचा हिशेब चोख होतो. मात्र आम्लात ते हळूहळू विघटित होऊन फॉर्माल्डिहाइड आणि अमोनियम क्षार तयार होतात, त्यामुळे त्याचे आम्लातील द्रावण त्याच दिवशी तयार करून वापरावे. थायोयुरिया हा जुना आणि प्रभावी रोधक असला तरी संहती वाढवत नेल्यास एका मर्यादेनंतर त्याचा परिणाम घटतो, प्रसंगी तो झीज वाढवतो, आणि त्याच्या विघटनातून हायड्रोजन सल्फाइड निर्माण होऊ शकतो. शिवाय तो कर्ककारक असल्याचा संशय असल्यामुळे पदवीच्या विद्यार्थ्यांच्या हाती मी तो देणार नाही. तेलविहिरींत १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल सोडताना वापरले जाणारे प्रोपार्जिल अल्कोहोल तर चांगलेच विषारी आहे. क्विनोलिनचे चतुष्क क्षार आणि इमिडॅझोलिन ही उद्योगातील रुळलेली नावे आहेत. बेंझोट्रायझोल मुख्यतः तांबे आणि पितळेसाठी वापरतात. लोखंडावर त्याच्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये.

वनस्पतींच्या अर्कांमध्ये टॅनिन, फ्लॅव्होनॉइड आणि अल्कलॉइड ही संयुगे असतात आणि त्यांच्यात वर सांगितलेले गुण आढळतात. गोव्यात यासाठी सर्वांत जवळचा कच्चा माल म्हणजे काजूगराला लपेटलेली पातळ तांबूस साल. प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांत गर सोलल्यावर ती वेगळी काढली जाते आणि तिच्यात टॅनिन, कॅटेचिन यांचे प्रमाण भरपूर असते. ही साल आणि काजूच्या बियांचे जाड टरफल यांत गल्लत करू नये. टरफलातील तेलात ॲनाकार्डिक आम्ल, कार्डोल, कार्डानॉल अशी फिनॉलवर्गीय संयुगे असतात आणि त्या तेलाने त्वचेवर फोड येतात, हे काजू भाजणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्या संयुगांवरही गंजरोधक म्हणून काम झालेले आहे, परंतु ती पाण्यात विरघळत नाहीत आणि त्वचेला धोकादायक आहेत. सुरुवातीच्या प्रकल्पासाठी ती टाळावीत. वनस्पतीपासून काढले म्हणजे निर्धोक, हा समज या एका उदाहरणानेही दूर व्हायला हरकत नाही.

पट्ट्यांची तयारी

सौम्य पोलादाच्या एकाच शीटमधून सर्व पट्ट्या कापून घ्याव्यात, कारण दोन वेगळ्या शीटच्या रासायनिक घटनेतील फरकही निकालात उतरतो. शीट जस्तलेपित नसल्याची खात्री करावी. २.५ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड पट्टी सोयीची ठरते. तिचे एकूण क्षेत्रफळ चारही कडा धरून १०.९ चौरस सेंटिमीटर भरते. फॅब्रिकेशनवाल्याकडील कातर मशीनवर कापलेल्या कडा दाबामुळे ताणलेल्या असतात आणि आम्लात इतर भागापेक्षा लवकर झिजतात, म्हणून त्या कानसीने घासून काढाव्यात. दोरा ओवण्यासाठी वरच्या बाजूला लहान भोक पाडावे आणि पट्टीवर क्रमांक ठोकावा. रंगाने किंवा पेनाने लिहिलेला क्रमांक आम्लात टिकत नाही.

त्यानंतर २२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून ४००, ६००, ८०० आणि १००० पर्यंत क्रमाने घासावे. प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा काटकोनात बदलली की आधीचे ओरखडे पूर्ण गेले की नाही हे दिसते. घासलेली पट्टी ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन, ॲसिटोनमध्ये बुडवून, गार हवेच्या झोताने वाळवावी आणि लगेच डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारे सिलिका जेल ठेवलेल्या बंद भांड्यात) ठेवावी. येथून पुढे पट्टीला बोटे लावू नयेत. घामातील क्षार पुरेसे नुकसान करतात. पावसाळ्यात गोव्यातील हवेत उघड्या टेबलावर ठेवलेली स्वच्छ पट्टी पाहता पाहता पिवळसर पडते. त्या ऋतूत एकदम सगळ्या पट्ट्या घासून ठेवण्यापेक्षा त्या दिवशी लागतील तेवढ्याच घासाव्यात, आणि सिलिका जेलचा रंग बदललेला दिसताच ते ओव्हनमध्ये तापवून घ्यावे.

वजनासाठी ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू लागतो, आणि ही अट सैल करता येत नाही. रोधक चांगला असेल तर पट्टीचे वजन काही मिलिग्रॅमनेच घटणार असते. १ मिलिग्रॅमपर्यंतच मोजणाऱ्या तराजूवर चांगल्या आणि उत्तम रोधकांतील फरक ओळखूच येणार नाही.

आम्ल आणि अर्क

१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल हे या विषयातील सर्वाधिक रूढ माध्यम आहे. ३७ टक्क्यांचे संहत आम्ल सुमारे १२ मोलर असते, म्हणून १ लिटरसाठी त्याचे साधारण ८३ मिलिलीटर लागतात. बाटलीवर ३५ टक्के लिहिलेले असेल तर ८८ मिलिलीटर घ्यावेत. आधी पाणी घेऊन त्यात आम्ल सावकाश ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. जुन्या बाटलीतील आम्लाची संहती घटलेली असू शकते, म्हणून तयार द्रावण शुष्क सोडियम कार्बोनेटच्या प्रमाणित द्रावणाबरोबर मिथिल ऑरेंज वापरून तपासून घ्यावे. संपूर्ण मालिकेला पुरेल एवढे आम्ल एकदमच तयार केलेले उत्तम.

अर्कासाठी काजूची साल सावलीत आणि नंतर ५० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वाळवून तिची भुकटी करावी. १० ग्रॅम भुकटी २०० मिलिलीटर ऊर्ध्वपातित पाण्यात परतवाहक शीतक (वाफ थंड करून परत भांड्यात सोडणारी नळी) लावून एक तास, उकळीच्या किंचित खाली ठेवावी, गाळावी आणि गाळलेले द्रावण जलऊष्मकावर आटवून कोरडा अवशेष मिळवावा. या अवशेषाचे वजन घेणे महत्त्वाचे आहे. अनेक अहवालांत ‘१० टक्के अर्क’ असे लिहिलेले असते, पण त्यात विद्राव्य पदार्थ किती हे कोणालाच सांगता येत नाही, आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला तो प्रयोग पुन्हा करता येत नाही. अवशेष तोलून प्रतिलिटर ग्रॅममध्ये संहती दिली की हा प्रश्न मिटतो. त्यासोबत साल कुठल्या तालुक्यातली, कोणत्या महिन्यात गोळा केलेली आणि भाजून सोललेल्या बियांची की वाफवून सोललेल्या, याचीही नोंद करावी, कारण उष्णतेने टॅनिनचे स्वरूप बदलते.

पाण्यातील अर्काला दमट हवेत लवकर बुरशी येते. तो फ्रिजमध्ये ठेवावा आणि शक्य तितका ताजा वापरावा. टॅनिनयुक्त अर्क आम्लात तापवला तर काही तासांनी तांबडा गाळ बसू शकतो. गाळ दिसला तर तशी नोंद करावी, कारण तेवढे टॅनिन द्रावणातून निघून गेलेले असते. अर्कासाठी अल्कोहोल वापरले असेल तर तुलनेच्या कोऱ्या, म्हणजे रोधक न घातलेल्या, आम्लातही तेवढेच अल्कोहोल मिसळावे.

बुडवण्याची चाचणी

पट्टीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे किमान २० मिलिलीटर द्रावण असावे, असा प्रमाणित चाचणीचा दंडक आहे. आपल्या पट्टीसाठी ते २१८ मिलिलीटर होते, म्हणून २५० मिलिलीटरच्या बीकरमध्ये २२५ मिलिलीटर द्रावण घ्यावे. हा दंडक का पाळायचा, हे साध्या हिशेबाने कळते. समजा, चाचणीत ६० मिलिग्रॅम लोखंड विरघळले, तर त्यासाठी सुमारे २.१ मिलिमोल आम्ल खर्च होते. बीकरमध्ये २२५ मिलिमोल असल्यामुळे आम्लाची संहती जवळजवळ स्थिर राहते. तीच पट्टी २० मिलिलीटरच्या परीक्षानळीत ठेवली तर आम्लाचा दहावा हिस्सा संपतो आणि लोखंडाचे आयनही साचतात.

एका बीकरमध्ये एकच पट्टी नायलॉनच्या दोऱ्याने मध्यभागी टांगावी; ती तळाला किंवा काचेला टेकता कामा नये. प्रत्येक संहतीसाठी तीन पट्ट्या घ्याव्यात आणि कोऱ्या आम्लातील तीन पट्ट्या त्याच दिवशी, त्याच ऊष्मकात, सोबतच ठेवाव्यात. शेवटची अट गोव्याच्या हवामानात फार महत्त्वाची आहे. अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा (ती घडण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा) प्रतिमोल ६० किलोज्यूल धरली तर २६ अंशांवरून ३३ अंशांवर गेल्याने झिजेचा वेग सुमारे पावणेदोन पट होतो. जुलैतल्या पावसात केलेली रोधकाची चाचणी आणि मे महिन्यात केलेली कोरी चाचणी यांची तुलना केली, तर रोधकाने काहीच केले नाही तरी ४० टक्क्यांच्या आसपास ‘कार्यक्षमता’ निघेल. ‘खोलीचे तापमान’ हा शब्दप्रयोग अहवालात वापरूच नये. जलऊष्मक ३० अंशांवर स्थिर करून तेच तापमान लिहावे.

चाचणी सहा तासांची ठेवावी आणि एक मालिका २४ तासांचीही करावी. काही रोधक पहिल्या तासात उत्तम दिसतात आणि नंतर त्यांचा थर सुटत जातो. काहींचा थर उलट सावकाश पक्का होतो. आम्लाची वाफ आणि हायड्रोजन बाहेर पडत असल्यामुळे सगळे काम धूरकक्षात करावे, जवळपास ज्योत नसावी, आणि चष्मा व हातमोजे वगळू नयेत.

वेळ संपताच पट्टी बाहेर काढून वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने घासावी. टॅनिनच्या अर्कातील पट्टी पाण्यात धुताना काळसर पडू शकते, कारण आम्ल निघून गेल्यावर लोखंड आणि टॅनिनचे निळसर काळे संयुग तयार होते. हा थर वजनात राहिला तर झीज कमी भासते आणि रोधकाला नसलेले श्रेय मिळते. तो जात नसेल तर ५०० मिलिलीटर संहत हायड्रोक्लोरिक आम्लात ३.५ ग्रॅम हेक्सामिन घालून पाण्याने १ लिटर केलेल्या द्रावणात, २० ते २५ अंशांना, १० मिनिटे बुडवून पट्टी स्वच्छ करावी. त्याच द्रावणात एक न झिजलेली पट्टीही तेवढाच वेळ बुडवावी आणि तिची जी घट होईल ती सर्व पट्ट्यांच्या घटीतून वजा करावी. नंतर पाणी, ॲसिटोन, गार हवा, डेसिकेटर, आणि मग वजन.

हिशेब

झिजेचा वेग मिलिमीटर प्रतिवर्ष या एककात काढण्यासाठी मिलिग्रॅममधील घटीला ८७.६ ने गुणावे आणि घनता, चौरस सेंटिमीटरमधील क्षेत्रफळ व तास यांच्या गुणाकाराने भागावे. पोलादाची घनता प्रति घन सेंटिमीटर ७.८६ ग्रॅम धरावी. उदाहरणादाखल, कोऱ्या आम्लात सहा तासांत ६० मिलिग्रॅम आणि रोधकासह ९ मिलिग्रॅम घट झाली असे समजू. पहिल्या पट्टीचा वेग १०.२ मिलिमीटर प्रतिवर्ष आणि दुसरीचा १.५ मिलिमीटर प्रतिवर्ष येतो. दोन घटींमधील फरकाला कोऱ्या पट्टीच्या घटीने भागून शंभराने गुणले की कार्यक्षमता मिळते, येथे ८५ टक्के. तीन पट्ट्यांची सरासरी आणि त्यांतील तफावत दोन्ही छापावीत. तफावत ३ टक्क्यांची असताना ८५.३७ असे लिहिणे म्हणजे आकड्यांना नसलेली अचूकता देणे होय.

ज्या महाविद्यालयात अन्य उपकरणे नाहीत, तेथे हायड्रोजन वायूच्या आकारमानावरून पडताळा घेता येतो. १ ग्रॅम लोखंड विरघळले की ३० अंशांना आणि एका वातावरणाच्या दाबाला सुमारे ४४५ मिलिलीटर कोरडा हायड्रोजन निघतो, म्हणजे ६० मिलिग्रॅमला सुमारे २७ मिलिलीटर. पाण्यावर उलट्या ब्युरेटमध्ये जमवलेला वायू त्यातील बाष्पामुळे किंचित जास्त भरेल. वजनातील घट आणि वायू यांचा मेळ बसला नाही, तर द्रावणातील हवेचा ऑक्सिजन किंवा साफसफाईतील चूक यांपैकी काहीतरी मध्ये आहे असे समजून शोध घ्यावा.

पाच संहती घ्याव्यात, उदाहरणार्थ प्रतिलिटर ०.१, ०.२, ०.५, १ आणि २ ग्रॅम. कार्यक्षमता आधी वेगाने वाढते आणि मग आलेख सपाट होतो. हा सपाट भाग जिथे सुरू होतो ती संहती कामाची. त्यापुढे घातलेला अर्क वाया जातो. तसेच ३०, ४०, ५० आणि ६० अंशांना मालिका करून वेगाचा लॉगरिदम व केल्विन तापमानाचा व्युत्क्रम यांचा आलेख काढला की उतारावरून सक्रियण ऊर्जा मिळते. तापमानाबरोबर कार्यक्षमता घसरत असेल आणि रोधकासह सक्रियण ऊर्जा वाढत असेल, तर चिकटणे प्रामुख्याने भौतिक स्वरूपाचे आहे असा अंदाज बांधता येतो. अर्कात अनेक संयुगे मिसळलेली असतात हे लक्षात ठेवून अंदाजाला अंदाजच म्हणावे.

लँगम्युअरच्या सरळ रेषेबद्दल सावधगिरी

अधिशोषणाचे जे समीकरण अर्व्हिंग लँगम्युअर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मांडले, ते या विषयातील जवळजवळ प्रत्येक अहवालात येते. पृष्ठभागाचा झाकलेला अंश म्हणजे कार्यक्षमता भागिले शंभर असे मानून, संहती भागिले झाकलेला अंश ही राशी संहतीसमोर मांडतात. रेषा सरळ आली आणि सहसंबंधाचा वर्ग ०.९९९ निघाला, की लँगम्युअर सिद्ध झाला असे लिहिले जाते. परंतु या आलेखात संहती दोन्ही अक्षांवर आहे. झाकलेला अंश ०.८ ते ०.९५ या चिंचोळ्या पट्ट्यात असेल, तर आपण जवळपास संहतीचाच संहतीसमोर आलेख काढत असतो, आणि तो सरळ येणारच. खरी पारख कमी संहतीला होते, जिथे झाकलेला अंश ०.२ ते ०.६ असतो, ते बिंदू मिळवल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. रेषेचा उतार १ पासून बराच दूर असेल तर तेही लपवू नये.

दुसरी अडचण अधिशोषणाच्या मुक्त ऊर्जेची, म्हणजे रेणू किती जोराने चिकटतो हे दाखवणाऱ्या राशीची आहे. तिच्या नेहमीच्या सूत्रात ५५.५ हा आकडा पाण्याची मोलर संहती म्हणून येतो, त्यामुळे रोधकाची संहतीही मोलमध्येच असावी लागते. हेक्सामिनसाठी ते शक्य आहे. काजूच्या सालीच्या अर्काला एकच मोलवस्तुमान नसते. त्याची ग्रॅममधील संहती या सूत्रात घालून आलेला आकडा निरर्थक असतो. उणे २० किलोज्यूलच्या आसपास भौतिक आणि उणे ४० च्या आसपास रासायनिक अधिशोषण, हा संकेत शुद्ध संयुगांसाठी वापरावा आणि अर्काच्या बाबतीत हे कलम अहवालातून सरळ वगळावे. त्याने प्रकल्पाची किंमत घटत नाही.

पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडचे विभव, म्हणजे विद्युतदाब, नियंत्रित करून प्रवाह मोजणारे उपकरण) उपलब्ध असेल तर तीन इलेक्ट्रोडच्या घटात ध्रुवीकरण (विभव बदलत प्रवाह मोजणे) आणि प्रतिबाधा (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा विरोध मोजणे) या दोन चाचण्या जरूर कराव्यात. इलेक्ट्रोड बुडवल्यावर विभव स्थिर होईपर्यंत, बहुधा अर्धा ते एक तास, थांबावे. रोधकामुळे गंज-विभव ८५ मिलिव्होल्टपेक्षा अधिक सरकला तर रोधक धनाग्री (लोखंड विरघळण्याच्या) किंवा ऋणाग्री (हायड्रोजन निघण्याच्या) अभिक्रियेवर प्रामुख्याने काम करतो असे मानण्याची पद्धत आहे. कमी सरकला तर मिश्र. या चाचण्या त्या क्षणाचा वेग सांगतात आणि वजनाची चाचणी पूर्ण काळाची सरासरी सांगते, म्हणून दोन्ही आकडे तंतोतंत जुळले नाहीत तरी बिघडत नाही. संयुगांचा क्रम मात्र तोच यायला हवा.

टाकीजवळ

प्रयोगशाळेतील स्वच्छ आम्ल आणि कार्यशाळेतील टाकी यांत मोठा फरक आहे. गंज विरघळला की आम्लात फेरिक आयन (तीन धन भारांचे लोखंडाचे आयन) साचतात, आणि एकेक धातूरूप लोखंडाचा अणू दोन फेरिक आयनांचे फेरसमध्ये (दोन धन भारांच्या आयनांत) रूपांतर करत स्वतः विरघळतो. या हल्ल्यात हायड्रोजन निघत नाही, आणि हायड्रोजन आयनांविरुद्ध उत्तम ठरलेले पुष्कळ रोधक त्यापुढे कमी पडतात. म्हणून टाकीत वापरण्यापूर्वी आम्लात ठरावीक फेरिक क्लोराइड मिसळून चाचणी पुन्हा करावी, आणि खऱ्या गंजलेल्या तुकड्यावरचा गंज किती मिनिटांत निघतो हेही मोजावे. रोधकामुळे गंज निघण्याचा वेळ दुप्पट होत असेल तर कामगार आम्ल अधिक कडक करतील आणि सगळा हिशेब कोलमडेल.

ताण सोसणारे बोल्ट, स्प्रिंगा आणि कठीण पोलादाचे भाग आम्लात टाकण्याआधी थांबून विचार करावा. पृष्ठभागावर तयार झालेल्या हायड्रोजनचा काही भाग वायू न होता धातूत शिरतो आणि पोलाद ठिसूळ होते. गंधकयुक्त संयुगे हायड्रोजनचे अणू एकत्र येण्यात अडथळा आणू शकतात, त्यामुळे वजनातील घट कमी दिसूनही धातूत शिरणारा हायड्रोजन वाढू शकतो. अशा भागांसाठी आम्लाऐवजी वाळूच्या माऱ्यासारखी यांत्रिक पद्धतच निवडावी. स्टेनलेस स्टीलसाठी तर हायड्रोक्लोरिक आम्ल वापरूच नये. क्लोराइडमुळे त्यात खोल छिद्रे पडतात आणि ती वजनातील घटीवरून कळत नाहीत.

आम्लातून काढलेली वस्तू लगेच भरपूर पाण्याने धुवावी आणि सोड्याच्या सौम्य द्रावणात बुडवून उरलेले आम्ल मारावे. रोधकाचा थर अंगावर राहिला तर पुढे रंग किंवा जस्त नीट धरत नाही, म्हणून धुण्यात कसर करू नये. पावसाळ्याच्या दिवसांत धुतलेले लोखंड त्याच सत्रात वाळवून प्राइमरखाली घ्यावे. रात्रभर ठेवले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तांबडे झालेले मिळेल. वस्तूंबरोबर थोडे आम्ल आणि रोधकही टाकीबाहेर जातात, त्यामुळे टाकीत नुसते आम्ल वाढवत न राहता ठरलेल्या प्रमाणात रोधकही घालावा. दर आठवड्याला एक तोललेली पट्टी ठरावीक वेळ टाकीत टांगून तिची घट वहीत नोंदवावी. घट वाढू लागली की रोधक संपत आला आहे किंवा फेरिक साचले आहे हे वेळीच कळते.

वापरलेले आम्ल ओहोळात किंवा गटारात सोडू नये. प्रयोगशाळेतील थोडे द्रावण चुन्याच्या निवळीने किंवा सोड्याने, फेस आवरत, सावकाश उदासीन करावे, सामू (pH) ५.५ ते ९ च्या दरम्यान आणून लोखंडाचा गाळ बसू द्यावा, गाळून वेगळा ठेवावा आणि वरचे पाणी महाविद्यालयाच्या सांडपाणी व्यवस्थेत सोडावे. थायोयुरिया किंवा प्रोपार्जिल अल्कोहोल असलेले द्रावण नुसते उदासीन केल्याने निर्धोक होत नाही, ते वेगळ्या बाटलीत नाव लिहून साठवावे. कार्यशाळेतील टाकीचे वापरलेले आम्ल घातक कचऱ्यात मोडते. त्यासाठी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि अधिकृत विल्हेवाटदार यांची व्यवस्था टाकी भरण्यापूर्वीच करून ठेवावी.